तारखेपासून उलटं मोजा: कामांचा क्रम लावायची एका प्लॅनिंग इंजिनिअरची पद्धत

बांधकामाच्या साईटवर कुणी "पंधरा तारखेपर्यंत होऊन जाईल" म्हटलं, की माझा प्रश्न ठरलेला असतो: त्याआधी काय काय व्हायला लागतं? प्लॅनिंग इंजिनिअरचं निम्मं आयुष्य हा प्रश्न विचारण्यात जातं आणि उरलेलं निम्मं, आलेल्या उत्तरावर लगेच विश्वास न ठेवण्यात. घरी मात्र स्वतःला हे कुणी विचारत नाही. "यंदा जर्मन शिकायचं", "तो अर्धवट राहिलेला कोर्स पुरा करायचा" असं डायरीत लिहायचं, खाली दहा-बारा कामं उतरवायची आणि त्याला नियोजन म्हणायचं. अशा यादीत कुठलं काम कशावर अडलंय ते नसतं, किती वेळ लागेल तेही नसतं. मग त्यातलं सोपं तेवढं खोडलं जातं आणि अवघड ते पुढच्या पानावर उतरवलं जातं.

साईटवरची पद्धत मी स्वतःच्या कामांनाही लावते. नोकरी सांभाळून जर्मनची बी-१ (मधल्या पातळीची) परीक्षा दिली तेव्हा तिचा पुरता उपयोग झाला, म्हणून उदाहरण तेच घेते. तुमचं ध्येय वेगळं असेल. क्रम लावायची रीत तीच.

आधी 'झालं की नाही' हे ठरवता आलं पाहिजे

जर्मन शिकणं कधी संपत नाही. बी-१ची परीक्षा संपते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या या परीक्षेचे चार भाग आहेत: वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येक भाग १०० गुणांचा, प्रत्येकात किमान ६० हवेत आणि चारही भाग वेगवेगळे देता येतात. एवढं कळलं की एका भल्यामोठ्या इच्छेची चार कामं होतात आणि प्रत्येकाला पास-नापासची रेघ मिळते. ज्या ध्येयाला परीक्षाच नाही, त्याची परीक्षा आपणच काढायची. "चित्रकला सुधारायची" याऐवजी "अमुक तारखेला दहा पूर्ण झालेली चित्रं चार ओळखीच्या लोकांना दाखवायची". तारीख आणि आकडा दोन्ही हवेत, नाहीतर उलटं मोजायला सुरुवात कुठून करणार?

मग शेवटाकडून मागे या

कागदाच्या उजव्या टोकाला परीक्षेची तारीख लिहा. तिच्याआधी नोंदणी, आणि नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी बंद होते. परीक्षेआधी घड्याळ लावून सोडवलेल्या पूर्ण सराव प्रश्नपत्रिका हव्यात. त्यांच्याआधी लिहून तपासून घेतलेली पत्रं, कारण लेखनात तीन मजकूर लिहावे लागतात: साधारण ८०, ८० आणि ४० शब्दांचे, सगळे मिळून एका तासात. पत्रं तपासायची तर तपासणारं माणूस हवं. म्हणजे उजवीकडून डावीकडे येता येता कळलं, की पहिल्याच आठवड्यात करायचं काम व्याकरणाचं पुस्तक उघडणं हे नव्हतंच. चांगलं जर्मन येणाऱ्या आणि महिनाभर माझी पत्रं वाचायला तयार होईल अशा कुणाला तरी विचारणं, हे होतं. सरळ यादी केली असती तर ते शेवटून दुसरं आलं असतं.

माझ्या धंद्यात याला क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँट या अमेरिकन रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक बनवणाऱ्या कंपनीचे जेम्स केली यांनी कारखान्यांच्या कामासाठी ही पद्धत बसवली. कल्पना सोपी आहे. एकामागून एकच करता येतील अशा कामांच्या साखळ्या मांडायच्या आणि त्यांतली सगळ्यात लांब साखळी शोधायची. तिच्यातलं एखादं काम दिवसभर रखडलं तर शेवटची तारीखही दिवसभर रखडते. इतर कामांना थोडी ढील असते, तिला आम्ही फ्लोट म्हणतो.

माझ्या साखळीत लेखन होतं, कारण ते दुसऱ्याच्या हातून फिरून येणार होतं. श्रवणही होतं. कान तयार व्हायला महिने लागतात आणि ते शेवटच्या पंधरवड्यात दाबून भरता येत नाहीत. शब्द पाठ करण्याला भरपूर फ्लोट होता; रांगेत उभं असतानाही ते जमतं. आणि "सगळ्यात चांगलं पुस्तक कुठलं" याचा शोध तर साखळीत कुठेच बसत नव्हता. असा शोध तासन्‌तास करता येतो आणि वर अभ्यास केल्यासारखंही वाटतं, म्हणून त्याच्यापासून जपून राहा.

या सगळ्यातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला: जे काम दुसऱ्याकडे जाऊन परत येणार आहे, ते आधी हातावेगळं करा. अर्ज, शिफारसपत्र, वैद्यकीय तपासणी, कुणाचं मत. ते बाहेर वाट पाहत असताना तुमचे तास तुमच्याकडेच राहतात.

आठवड्यात तास किती, हे खरंखरं मोजा

आठवड्याचे १६८ तास सगळ्यांनाच. त्यातून झोप, नोकरी, जाणं-येणं, स्वयंपाकपाणी, घरातली माणसं वजा करा. उरलेल्यातले निम्मेच धरा. निम्मे का? कारण कुणीतरी आजारी पडतं, ऑफिसातलं काम लांबतं, आणि कधीकधी आपण नुसते दमलेले असतो. दमणं प्लॅनमध्ये धरलं नाही तर ते बिनबोलावलं येतं.

अंदाज चुकण्याबद्दल एक जुना अभ्यास मला फार आवडतो. ब्यूहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली तो छापला. प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. म्हणजे सगळं बिघडेल असं धरून केलेला अंदाजही कमीच पडला. त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे: काम किती वेळ घेईल याची कल्पना करत बसू नका, असंच काम मागच्या वेळी किती वेळ खाऊन गेलं ते बघा. माझं ८० शब्दांचं पत्र वीस मिनिटांत व्हायला हवं होतं. सुरुवातीला शब्दकोश चाळत त्याला तास लागायचा, म्हणून प्लॅनमध्ये तासच लिहिला.

आज आधी काय?

तातडीचं आणि महत्त्वाचं यांची चार खणांची चौकट तुम्ही पाहिली असेल. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५४ च्या एका भाषणात हा फरक सांगितला होता, म्हणून तिला त्यांचं नाव चिकटलं. मला ती फारशी कामाची वाटत नाही. आपलं काम असलं की ते तातडीचंही वाटतं आणि महत्त्वाचंही, त्यामुळे पहिला खण ओसंडून वाहतो आणि बाकीचे तीन शोभेला उरतात.

त्यापेक्षा प्रत्येक कामाला एक प्रश्न विचारा: हे या आठवड्यात केलं नाही, तर कुठली तारीख सरकते? उत्तर "कुठलीच नाही" असेल तर त्याला फ्लोट आहे, खाली ढकला. उत्तर "परीक्षेची" असेल तर ते आजचं पहिलं काम, मग फोन कितीही वाजो. हे शिस्तीनंच करावं लागतं, कारण आपला कल उलटा असतो. २०१८ साली झू, यांग आणि सी या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं, की ज्या कामाची मुदत संपत आलेली दिसते त्याकडे माणसं धावतात, दुसऱ्या कामातून जास्त फायदा असला तरीही.

आठवड्याला तीन कामं निवडा, तीनच, आणि प्रत्येकाला दिवसातल्या एका घटनेशी बांधा. "संध्याकाळी वेळ मिळाला की लिहीन" हे टिकत नाही. "रात्री ओटा पुसून झाला की टेबलाशी बसून एक पत्र" हे टिकतं. "असं झालं की मी तसं करीन" अशा शब्दांत बांधलेला बेत नुसत्या इच्छेपेक्षा जास्त पार पडतो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे.

मागे पडलात तर

पडणारच. म्हणून पहिला प्लॅन फोटो काढून बाजूला ठेवा आणि त्यात खाडाखोड करू नका. आम्ही त्याला बेसलाइन म्हणतो. आठवड्यातून एकदा आजची स्थिती त्याच्याशेजारी ठेवून बघायची. दहा मिनिटं पुरतात. जास्त लागली तर समजा प्लॅनच फार गुंतागुंतीचा झालाय.

फरक दिसला की मार्ग तीनच: तास वाढवा, काम कमी करा किंवा तारीख पुढे घ्या. साईटवर लोक चौथा सुचवतात, "पुढच्या आठवड्यात भरून काढू", आणि मी तो बैठकीच्या नोंदींत लिहूनच घेत नाही. पुढच्या आठवड्यातही १६८ च तास असतात, शिवाय त्या आठवड्याचं स्वतःचं काम असतं. तास वाढवायचे तर ते कशातून काढणार हे नाव घेऊन सांगा. काम कमी करायचं तर नीट कापा: बी-१ मध्ये चारऐवजी दोनच भाग आत्ता देता येतात, हा अगदी सभ्य मार्ग आहे. तारीख हलवायची तर एकदाच, नवी तारीख लिहून.

नवी कामं मधूनच येत राहतील, बहुतेक दुसऱ्यांची. नाही म्हणायला लांबण लावू नका. "या महिन्यात जमणार नाही, पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आठवण कर" एवढं पुरतं, आणि निम्मे लोक आठवण करतच नाहीत. स्वतःच्याच डोक्यातून येणाऱ्या नव्या हौशींसाठी मागच्या पानावर 'आत्ता नाही' अशी यादी ठेवा. तिथे गेलेली हौस मरत नाही, फक्त तुमची रात्र खात नाही.

साधन कुठलंही चालेल. ऑफिसात मी त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर वापरते, घरी एक कोरा कागद आणि पेन्सिल. कागदावर एकच नियम पाळते: एका ओळीत दोन तासांहून मोठं काम लिहायचं नाही. "लेखनाचा सराव" अशी ओळ चालत नाही. "क्लास चुकणार असल्याचं शिक्षकांना कळवणारा ईमेल, ४० शब्द, घड्याळ लावून" ही चालते.