भंगारातून अवकाशयान: घरच्या सायन्स फिक्शन फिल्मसाठी मिनिएचर कसं बनवायचं

फोनवर साय-फाय शॉर्टफिल्म करायची असेल तर यान कॉम्प्युटरवर बनवण्यापेक्षा हाताने बनवणं अजूनही सोपं पडतं, खरी वस्तू उन्हात ठेवली की सावली, चमक, धूळ सगळं फुकटात मिळतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, टेबलावरची ती दोन फुटी वस्तू बघणाऱ्याला साठ मीटरची वाटली पाहिजे. काय चिकटवायचं, कुठला रंग, कॅमेरा कुठे, सगळे निर्णय ह्या एकाच हिशोबाने घ्यायचे.

आधी स्केल ठरवा

नवीन माणसाने सरळ १:१०० घ्यावं, म्हणजे १ सेंटीमीटर बरोबर १ मीटर, डोकं खाजवायला नको. माणूस साधारण पावणेदोन सेंटीमीटरचा, दार २ सेंटीमीटरचं, खिडकी अर्ध्या सेंटीमीटरची. पुठ्ठ्याचा पावणेदोन सेंटीमीटरचा एक माणूस कापून खिशात ठेवा आणि भंगारात काहीही हाताला लागलं की तो शेजारी उभा करून बघा. शॅम्पूच्या बाटलीचं झाकण त्याच्या बाजूला पाण्याची टाकी वाटतं, तेच मोठ्या माणसाची मूर्ती ठेवली तर नुसतं झाकणच. ही सवय लागली की अर्धं काम झालं.

सामान कुठून आणायचं

गोव्यात ह्या कामाला सीझन असतो. चवथ (गणेश चतुर्थी) संपली की मखराचा थर्माकोल लोक बाहेर काढतात, दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळून झाले की रस्त्याच्या कडेला तारा आणि सळ्या पडलेल्या असतात (त्या तिथून उचलल्या तर गाडीवाले आशीर्वाद देतील), आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर मासळीच्या थर्माकोल पेट्यांचे तुकडे, जाळ्यांचे फ्लोट, दोरखंड वाहून येतं. शिगम्याचे चित्ररथ करणारी पोरं तुमच्या वाड्यावर असतील तर त्यांच्याशी आधी दोस्ती करा, वायरिंग, वेल्डिंग, पुठ्ठ्याला आकार देणं ह्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. बाकी भंगारअड्ड्यावर जाऊन बंद पडलेला प्रिंटर किलोच्या भावाने मागायचा.

प्रिंटर म्हणजे खजिना. वरचं कव्हर काढलं की आत पांढरे-काळे गिअर, लांब स्टीलचा दांडा, स्प्रिंगा, रबरी रोलर, आणि कडेला ते बारीक फासळ्यांचं प्लास्टिक असतं जिथून कागद सरकतो, ते जसंच्या तसं कापून यानाच्या पोटाला लावलं तर कोणी विचारणारसुद्धा नाही की हे काय आहे. कीबोर्डच्या कळा उलट्या करून बघा, आतला खाचा-खोबणीचा भाग भारी दिसतो. मच्छरांच्या लिक्विडच्या रिकाम्या बाटल्या, रोल-ऑनचे गोळे, गोळ्यांची रिकामी पाकिटं, पेनाची टोपणं, कुकरची जुनी शिटी, सगळं धुऊन सुकवून डब्यात.

काही गोष्टींना मात्र हात लावू नका. जुना डब्बा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह उघडायचे नाहीत, प्लग काढलेला असला तरी आत जोरदार करंट साठून राहतो. फुगलेली मोबाइल बॅटरी, ट्यूबलाइट, सीएफएल, इंजेक्शनच्या सिरिंजा, हे सगळं तिथेच सोडा.

प्लास्टिक ओळखा, नाहीतर गोंद धरणार नाही

बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो. २ किंवा ५ दिसला तर ते तेलकट जातीचं प्लास्टिक, त्यावर फेव्हिक्विक धरत नाही आणि रंगाचे पापुद्रे निघतात. शॅम्पूच्या बाटल्या आणि बरीचशी झाकणं ह्यातलीच. आकार आवडला तर भांड्यांच्या साबणाने धुवा, पॉलिश पेपरने चांगलं खरखरीत करा, आणि गोंदाच्या भरवशावर न राहता छोटा स्क्रू किंवा तार घालून अडकवा. ६ नंबरचं कडक प्लास्टिक मस्त चिकटतं. थर्माकोलही ६ नंबरच, पण त्याचा वेगळा ताप आहे, स्प्रे पेंट आणि फेव्हिक्विक दोन्ही त्याला खाऊन टाकतात, म्हणून आधी फेव्हिकॉलमध्ये वॉल पुट्टी कालवून दोन हात मारायचे, एकही भोक उघडं राहता कामा नये.

पुठ्ठ्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे, आमच्या हवेत पुठ्ठा नको. जूनमध्ये केलेलं यान ऑगस्टपर्यंत फुगतं आणि वर बुरशी. साइनबोर्डवाल्यांकडे सनबोर्डच्या (पाट्यांसाठीचा हलका, फोमसारखा प्लास्टिकचा बोर्ड) कातरणी पडलेल्या असतात, त्या मागून आणा, कटरने सुरेख कापतात.

बॉडी

आधी फक्त दोन-तीन मोठे आकार जोडा, बारीकसारीक काही नाही. एक बाटली, एक पेटी, एक पाइप. मग लांब जाऊन डोळे बारीक करून बघा, नुसत्या काळ्या सावलीवरून हे यान ओळखू येतं का. येत नसेल तर वर कितीही गिअर चिकटवा, उपयोग नाही. हे ठरायला दोन-चार दिवस गेले तरी चालतील, टेपने तात्पुरतं जोडून फिरवत राहा.

आत लाइट घालायचा असेल तर तो आत्ताच विचारात घ्या. प्लास्टिकमधून उजेड आरपार येतो आणि अख्खं यान आकाशकंदिलासारखं उजळतं, तेव्हा आतून आधी काळा रंग, त्यावर चंदेरी किंवा जेवण गुंडाळायची फॉइल. पॉवरबँकच्या ५ व्होल्टवर प्रत्येक पांढऱ्या एलईडीला १५० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा पार्ट) पुरतो. पण बरेच पॉवरबँक इतक्या कमी लोडला आपोआप बंद होतात, तसं झालं तर तीन पेन्सिल सेल एकामागोमाग जोडा. इंजिनासाठी डिओच्या झाकणात एलईडी आणि तोंडावर बटर पेपर, खिडक्यांसाठी बारीक ड्रिलने भोकं. खिडकीला पारदर्शक प्लास्टिक लावायचं तर फेव्हिक्विक जवळ आणू नका, त्याच्या वाफेने काच पांढरट होते, तिथे फेव्हिकॉलच बरा.

बारकावे चिकटवणं

ह्याला किटबॅशिंग म्हणतात. १९७७ च्या स्टार वॉर्सच्या मॉडेलवाल्यांनी दुकानातली रणगाडे-विमानांची प्लास्टिक किट फोडून त्यांचेच तुकडे यानांना लावले होते, म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या यानांवर रणगाड्यांचे पार्ट आहेत. आपल्याकडे किट महाग, पण तुटकी खेळणी कुठल्याही घरात मिळतात.

सगळीकडे सारखं चिकटवलं की यान कचऱ्याच्या गाडीसारखं दिसतं. जिथे दोन भाग जुळतात, इंजिनाच्या आजूबाजूला, पोटाखाली, तिथे गर्दी करा आणि साधारण दोन तृतीयांश पत्रा मोकळा सोडा. मोकळ्या जागेवर कटरच्या उलट्या बाजूने बारीक रेघा ओढा म्हणजे पत्र्याचे जोड वाटतात. ओळखू येणारी वस्तू तशीच लावायची नाही, सोड्याचं बूच तर शाळेतलं पोरही ओळखतं, ते अर्धं कापा किंवा त्याच्या कडेचे दाते घासा.

रंग

एकदा राखाडी प्राइमर (रंगाआधीचा पहिला हात) बसला की दहा रंगांचं भंगार एका जातीचं होऊन जातं, हा क्षण फार मजेचा असतो. स्प्रे उघड्यावर, तोंडाला मास्क लावून, आणि भर पावसाळ्यात नकोच, दमट हवेत रंगावर पांढरी धुकी येते. जुलैत करायचंच असेल तर पाण्याचे ॲक्रिलिक रंग ब्रशने लावा.

उडालेल्या रंगासाठी मीठ वापरा. आधी चंदेरी रंग, तो पक्का सुकला की कडांवर पाणी लावून मीठ टाकायचं, मीठ सुकलं की वरून पांढरा किंवा राखाडी रंग मारायचा, आणि तो सुकल्यावर मीठ बोटाने घासून काढायचं, खालची चांदी ठिकठिकाणी डोकावते. पावसाआधी रस्त्याच्या कडेला मिठागराचं जाडं मीठ विकायला असतं ते चालतं, फक्त थोडं कुटून घ्या, ३ मिलिमीटरचा खडा म्हणजे आपल्या स्केलमध्ये एक फुटाचा डाग. शेवटी काळ्या-तपकिरी रंगात भरपूर पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून सगळीकडे फासा आणि कपड्याने पुसा, रेघांत काळं राहतं. इंजिनामागे पेन्सिलीची पूड चोळली की काजळी तयार.

उडतानाचं शूटिंग

यान हलवू नका, कॅमेरा हलवा. मागे काळा मखमली कपडा, यान काळ्या सळईवर, आणि सळई कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बाजूने घुसवलेली. अवकाशात उजेड पसरवायला हवा नाही म्हणून लाइट एकच, कडक आणि होईल तितका लांब. जवळच्या बल्बची सावली पंख्यासारखी फाकते आणि खेळणं उघडं पडतं.

टेबलाला मेजरटेप चिकटवून फोनचा स्टँड दर फोटोला ३ मिलिमीटर सरकवत जा. २४ फोटो म्हणजे १ सेकंद, ६० सेंटीमीटरचं यान साधारण ८ सेकंदांत समोरून जातं आणि वजनदार वाटतं. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला सांगू, त्यामुळे गाणी लावून बसा. फोकस आणि एक्सपोजर स्क्रीनवर बोट दाबून लॉक करा, पोर्ट्रेट मोड अजिबात नको, मागचं धूसर झालं की वस्तू लहान आहे हे लगेच कळतं. फोनचा सेन्सर बारीक असतो आणि जवळपास सगळंच फोकसमध्ये राहतं, इथे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा फोनच बरा.

तंगुसावर टांगायचं असेल तर यान उलटं टांगा आणि एडिटिंगमध्ये चित्र उलटवा. दोरी शोधणारा नेहमी वर बघतो, ती आता खाली असते.

मंगळावर लँडिंग

इथे गोवेकर नशीबवान. आपली माती आणि मंगळाची माती दोन्ही लोखंडाच्या ऑक्साइडमुळे लाल. बांधकामाच्या जागी जांभ्याचे चिरे तासलेला भुसा पडलेला असतो तो विचारून आणा आणि मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा, कारण १ मिलिमीटरचा कण स्क्रीनवर १० सेंटीमीटरचा दगड होतो. चिऱ्याचे फुटके तुकडे म्हणजे डोंगर. सकाळी नऊच्या सुमारास गच्चीवर मांडा, सूर्यासारखा दुसरा लाइट नाही.

फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीला टेकते आणि आपल्या पावणेदोन सेंटीमीटरच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर येते. यानाखाली मातीतून स्ट्रॉ काढून सायकलच्या पंपाने हवा सोडा, धूळ उडते. आता हिशोब: ४५ मीटरवरून वस्तू पडायला साधारण ३ सेकंद लागतात, ४५ सेंटीमीटरवरून ०.३ सेकंद. म्हणजे १:१०० च्या स्केलला सगळं दहापट जलद घडतं, म्हणून फोनच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमवर शूट करून एडिटिंगची टाइमलाइन २४ ला ठेवायची, ३० ला ठेवलीत तर आठपटच स्लो होतं. मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, तेव्हा अजून थोडं स्लो केलंत तरी चूक कोणी काढणार नाही. २४० फ्रेमला उजेड खूप लागतो आणि घरातले काही दिवे १०० हर्ट्झने लुकलुकतात, पट्टे येतात, म्हणून हा शॉट उन्हातच.

शूटिंग झालं की ब्रशने धूळ झाडून सेल काढा आणि यान झाकणाच्या प्लास्टिक डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई रंगाला चिकटते. पुढच्या फिल्मला ह्याच यानाची इंजिनं काढून दुसऱ्याला लावता येतात, म्हणून तो जोड गोंदाऐवजी स्क्रूचा ठेवा.