कोकणच्या हवेत कोट : निवड, ट्रायल आणि दुरुस्ती

कोट घेताना बहुतेक गिऱ्हाईक रंगापासून सुरुवात करते आणि भावापाशी थांबते. त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. शिवून झाल्यावर ज्या भागात फारसा बदल करता येत नाही तो भाग आपल्या अंगाला बसतो आहे का, ही पहिली. आणि अस्तराच्या आत जे दडलेले असते ते इथल्या दमट हवेत टिकेल का, ही दुसरी. कंबर, बाहीची लांबी, बटणे, अस्तर हे सारे पुढे दुरुस्त होते; खांदा, मुंढा (बाही जिथे जोडतात ती काखेभोवतीची गोलाई) आणि पुढच्या पल्ल्याच्या आतले काम होत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, लग्नसराईचा मोठा भाग एप्रिल-मेच्या घामट दिवसांत येतो, आणि कोट अंगावर असतो त्यापेक्षा कितीतरी अधिक काळ कपाटात असतो. कोरड्या हवेतल्या शहरांसाठी दिला जाणारा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो याचमुळे.

खांद्यापासून सुरुवात करू. कौलारू घराचे आढे वाकले की कौले कितीही नीट लावली तरी सरळ बसत नाहीत. खांदा चुकलेल्या कोटाचे तसेच आहे. तयार कोट घालून पाहताना बटण लावण्याआधी बाहीची शिवण पाहावी. खांद्याचे हाड जिथे संपते तिथेच ती संपली पाहिजे. शंका असेल तर बाजूने भिंतीला टेकत जावे: दंडाआधी कोटाचा पॅड भिंतीला लागला तर खांदा मोठा आहे. शिवणीच्या खाली बाहीवर खळगा पडत असेल तरी बहुतेक वेळा कारण तेच असते. याउलट दंड शिवणीबाहेर फुगलेला दिसला तर खांदा अरुंद आहे. दोन्ही बाबतींत दुकानदार ‘अल्टर करून देतो’ म्हणाला तरी तो कोट परत ठेवावा, कारण खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवून, पॅड काढून, वरचा भाग नव्याने कापून बसवायचा, आणि इतके करूनही जेमतेम अर्धा इंच हाती लागतो.

मानेमागे कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला लागून राहावी आणि तिच्यावर सुमारे अर्धा इंच शर्ट दिसावा. चालताना, वाकताना तिथे फट पडत असेल तर कोटाचा तोल चुकलेला आहे. मात्र कॉलरच्या खाली पाठीवर आडवी वळी पडत असेल तर तेवढ्यासाठी कोट नाकारू नये. ज्यांचे खांदे सरळ, चौकोनी असतात त्यांना ती हमखास पडते, आणि कसबी मास्तर कॉलर उसवून, खालचे जास्तीचे कापड काढून ती थोडी उतरवून बसवतात.

मुंढ्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात आणि मला तो कोटाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. तयार कोटाचा मुंढा बहुधा खोल ठेवलेला असतो, म्हणजे तो कोणाच्याही अंगात शिरतो. पण हात वर केला की सगळा कोट हाताबरोबर वर येतो. मुंढा काखेजवळ, वर असेल तर हात उचलला तरी कॉलर जागची हलत नाही. पंगतीत वाढताना, आहेर देताना, नातेवाइकांना मिठी मारताना हा फरक कळतो. खोल कापलेला मुंढा नंतर वर घेता येत नाही, कारण तिथले कापड कापून गेलेले असते. म्हणून शिवून घेताना पहिल्याच दिवशी ‘मास्तर, मुंढा वर ठेवा, हात उचलून दाखवीन’ असे स्पष्ट सांगावे. तो काखेत काचता मात्र कामा नये.

तयार कोटावरचा ३८, ४० हा आकडा म्हणजे सहसा छातीचे इंचातले माप, पोटाचे नव्हे. पोट सुटलेले असेल तरी निवड खांदा आणि छाती पाहूनच करावी. बटण लावल्यावर छातीशी आत सपाट तळवा सहज जावा. मूठ मावली तर कोट ढगळ आहे. बटणापाशी फुलीसारख्या ठळक चुण्या पडल्या तर कंबर घट्ट आहे, आणि शिवणीत पुरेसे कापड असेल तर ती सोडवता येते. लांबी इतकी असावी की मागून बैठक झाकली जाईल. बाही मनगटाच्या हाडापाशी थांबावी आणि तिच्याखाली पाव ते अर्धा इंच शर्टाचा कफ दिसावा. दोन बटणांच्या कोटाचे खालचे बटण लावण्यासाठी नसतेच, आणि बसताना वरचेही सोडावे.

कापडाबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. लोकर म्हणजे थंडीचे कापड, कोकणात तिचे काय काम, असे म्हणून लोक पॉलिएस्टरचा कोट घेतात आणि मांडवात भिजून निघतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टर घाम जवळजवळ शोषतच नाही. साध्या विणीची, घट्ट पिळाच्या धाग्याची, मीटरला २३० ते २८० ग्रॅम वजनाची पातळ लोकर आपल्याकडच्या उन्हाळ्यातही अंगावर राहू शकते. दुकानात कापडाची एक घडी तोंडाशी धरून फुंकर मारावी. पलीकडे ठेवलेल्या तळहाताला वारा लागला तर त्या कापडातून हवा खेळते. मग तेच कापड मुठीत दहा सेकंद आवळून सोडावे आणि चुण्या किती लवकर उलगडतात ते पाहावे. ‘सुपर १५०’ असे छापलेले कापड महाग आणि तलम असते, पण ते लवकर चुरगळते व झिजते, म्हणून पहिल्या कोटासाठी त्याच्या मोहात पडू नये. लिनन चांगले, त्याच्या चुण्या ज्याला चालतात त्याने ते खुशाल घ्यावे. पॉलिएस्टर-लोकरीचे मिश्रण परवडणारे आणि टिकाऊ असते. त्यात लोकर निम्म्याच्या आसपास असावी. मखमल टाळावी. तालुक्याच्या गावी हवे ते कापड मिळाले नाही, तर मुंबईच्या खेपेला मंगलदास मार्केटमधून आणावे. दीडशे सेंटिमीटर पन्ह्याचे सव्वादोन मीटर कापड मध्यम अंगाच्या कोटाला पुरते. रंग दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नये, दारात उजेडात आणून पाहावा.

आता आतली बाजू. पुढच्या पल्ल्याला आकार राहावा म्हणून कापडाच्या आत एक थर असतो. तो उष्णतेने चिकटवलेला असेल तर त्याला फ्युझिंग म्हणतात. टाक्यांनी सैलसर जोडलेला, घोड्याचे केस विणलेला असेल तर तो खरा कॅनव्हास. ओळखायचे कसे? सगळ्यात खालच्या काजाच्या जरा खाली, वरचे कापड एका हाताच्या चिमटीत आणि अस्तराकडची बाजू दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हलकेच वेगळे ओढावे. मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना बोटांना जाणवला तर तो कॅनव्हास. वरचे कापड जाड पुठ्ठ्यासारखे एकजीव लागले तर फ्युझिंग. दमट हवा, चुकीचे ड्रायक्लीनिंग आणि फार गरम इस्त्री यांनी चिकटवलेला थर ठिकठिकाणी सुटतो आणि छातीवर बुडबुडे उठतात. इस्त्रीने ते तात्पुरते दबतात, पुन्हा येतात. कायमची दुरुस्ती नाही. म्हणून पैसे जास्त घालायचे असतील तर ते ब्रँडच्या नावावर न घालता कॅनव्हासवर घालावेत. पूर्ण कॅनव्हास परवडला नाही तर निदान छाती आणि लॅपल (कॉलरखाली छातीवर उलटलेली पट्टी) एवढ्यापुरता तरी मागावा.

अस्तर बहुधा पॉलिएस्टरचे लावतात आणि लोकरीचा सगळा गुण तिथेच वाया जातो. घाम शोषणाऱ्या व्हिस्कोसचे किंवा क्युप्रोचे अस्तर मागावे, आणि तेही अर्धे: पाठीचा वरचा भाग आणि बाह्या एवढ्यांनाच. अर्ध्या अस्तरात आतल्या शिवणी उघड्या पडतात, त्यामुळे प्रत्येक शिवणीला गोट लावावा लागतो आणि मजुरी कमी न होता वाढते. ती आनंदाने द्यावी.

शिवून घेतलेल्या कोटाची ट्रायल कच्च्या शिलाईवरच व्हायला हवी. पक्की शिलाई झाल्यावर दाखवतात तिला मी ट्रायल मानत नाही. ज्या शर्टावर, पँटवर आणि बुटांवर कोट घालायचा तेच घालून जावे, खिशात नेहमीचे पाकीट आणि मोबाइल ठेवावा. आरशासमोर छाती काढून, पोट आत ओढून उभे राहू नये. कोट त्या खोट्या अंगाला बसतो आणि लग्नाच्या दिवशी खऱ्या अंगावर लोंबतो. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो, विशेषतः वर्षानुवर्षे एकाच खांद्यावर पिशवी घेणाऱ्यांचा. त्या बाजूला बगलेखाली तिरक्या चुण्या पडतात आणि पॅडमध्ये एक पातळ थर वाढवून त्या जातात. पाठीत किंचित वाक असेल तर कोट मागून वर उचलला जातो आणि पुढून लोंबतो, तेव्हा पाठीची लांबी वाढवायची असते. पुढून कापून दोन्ही टोके जुळवणे ही पळवाट आहे. हात सैल सोडल्यावर बाहीच्या मागच्या बाजूला वळ्या पडत असतील तर बाही आपल्या हाताच्या कलानुसार थोडी फिरवून बसवावी लागते. शेवटी खुर्चीवर बसून पाहावे, आणि कोट घालून पाटावरही बसावे लागणार असेल तर मांडी घालूनसुद्धा. मागे एकच चीर असेल तर ती बसल्यावर फाकते. दोन्ही बाजूंना चिरा असलेला कोट मांडी घालणाऱ्याला अधिक सोयीचा. बंद गळ्याच्या जोधपुरीत मान आणि कॉलर यांत एक बोट सहज जावे, आणि कॉलरच्या आत सुती पट्टी टाचून घ्यावी, म्हणजे घामाने ती तेवढी बदलता येते.

शिलाई पक्की करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट मागून घ्यावी: माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड. पाठीच्या मधल्या शिवणीत आणि बाजूंच्या शिवणींत प्रत्येकी एक इंच तरी माया सोडलेली असावी, बाहीच्या टोकाला दीड इंच. आजचा सडपातळ नवरदेव दहा वर्षांनी तसाच राहत नाही, आणि मायेवाचून कोट सोडवता येत नाही.

कंबर दीड-दोन इंच आत घेणे हे दुरुस्तीतले सोपे काम. त्यापलीकडे गेले तर खिसे मागे सरकतात आणि चिरा उघडतात. बाही कफाकडून आखूड होते, पण तिथे खरी काजे केलेली असतील तर ती वरून, मुंढ्याकडून करावी लागते आणि खर्च वाढतो. कोटाची लांबी पाऊण इंचापेक्षा जास्त कमी करू नये, कारण खिसे आणि बटणे आपल्या जागी राहतात आणि खालचा भाग खुजा दिसतो. तयार कोटाच्या चिरेवरचा फुलीचा टाका, बाहीवरचे लेबल आणि खिशांची कच्ची शिवण घरी आल्यावर काढायची असते.

कोकणात पेटीत ठेवलेले वडिलांचे, आजोबांचे कोट पुष्कळ घरांत निघतात, आणि ते टाकून देण्याची घाई होते याचे मला वाईट वाटते. जुन्या कोटांत हाताने टाचलेला कॅनव्हास असण्याचा संभव मोठा असतो. असा कोट उजेडात टेबलावर उलटा पसरावा. अस्तर विरले असेल तर चिंता नाही, ते बदलायचेच आहे. कापड दिव्यासमोर धरून कसरीने पाडलेली भोके पाहावीत. दोन-चार असतील तर आतल्या मायेतले धागे काढून रफू होते, चाळणी झाली असेल तर हात जोडावेत. बगलेतले कापड दोन बोटांत ताणून पाहावे. घामाने कुजले असेल तर ते तिथेच फाटते. बुरशीचे पांढरे डाग घराबाहेर उन्हात धरून मऊ ब्रशने झाडावेत, मग ड्रायक्लीनिंगला द्यावा. एवढ्यातून उतरला आणि खांदा आपल्याला बसला, तर नवे अर्धे अस्तर, आत घेतलेली कंबर आणि नवी बटणे एवढ्यावर तो उभा राहतो. खांदा बसत नसेल तर भावाला, पुतण्याला घालून पाहावा.

व्यापारी जहाजांवर नोकरी करणारे आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यांच्या निळ्या डबल-ब्रेस्टेड कोटावरची, किंवा साध्या ब्लेझरवरची पितळी बटणे खाऱ्या हवेत काळवंडतात. ती कडीने अडकवलेली असतील तर पावसाळ्यापूर्वी काढून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावीत. वकिलांना उन्हाळ्यात जिल्हा आणि तालुका न्यायालयांत काळ्या कोटाची सक्ती नाही, पण उच्च न्यायालयात ती सवलत नाही. उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जाणाऱ्यांनी एक विनाअस्तराचा हलका काळा कोट वेगळा करून घ्यावा. ओव्हरकोट कोकणात कोणाला लागत नाही. परदेशी निघालेल्याने तो तिथेच, आतल्या कोटावर घालून पाहून घ्यावा.

जून ते सप्टेंबर कोटाची खरी परीक्षा असते. रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, सुती पिशवीत, भिंतीपासून सुटा ठेवावा. ड्रायक्लीनरची प्लॅस्टिकची पिशवी त्याच दिवशी काढून टाकावी, कारण ती आतली ओल आतच कोंडते. घाम सुकण्यापूर्वी कोट कपाटात ठेवू नये. पंख्याखाली रात्रभर टांगावा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या गरम करून पुन्हा कोरड्या कराव्यात. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. उघडीप मिळाली की कपाटाची दारे उघडून कोट सावलीत वाऱ्यावर धरावा. ड्रायक्लीनिंग वर्षातून एकदा पुरे, आणि ते हंगाम संपल्यावर, मे अखेरीस करावे, म्हणजे घामाचे डाग आणि कसरीला बोलावणारा मळ पावसाळ्यात कापडात राहत नाही. नवा कोट शिवायला टाकायचा असेल तर गणपती होऊन गेल्यावर लगेच कापड द्यावे; सणाची कामे उरकल्याने मास्तर मोकळे असतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर गर्दी सुरू होण्यापूर्वी दोन ट्रायल सवडीने होतात.