सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना या चुका टाळा (घरात कोणी शाकाहारी असेल तर नक्की वाचा)

आई-बाबा पहिल्यांदा सिंगापूरला आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी दुपारी मी त्यांना घराजवळच्या हॉकर सेंटरला घेऊन गेले. मी आईला स्टॉल दाखवत फिरत होते आणि बाबा टेबलावर बसून कोणीतरी ऑर्डर घ्यायला येईल म्हणून चांगली पंधरा मिनिटं वाट बघत होते. त्यानंतर इतक्या वर्षांत सासरची-माहेरची माणसं, मैत्रिणी, त्यांची मुलं असे कितीतरी जण येऊन गेले आणि अडचणी जवळपास सगळ्यांना त्याच आल्या, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी हे सेंटर म्हणजे काय ते थोडक्यात. पूर्वी इथे रस्त्यावर गाड्या लावून, कावड खांद्यावर घेऊन खाणं विकणारे फेरीवाले होते. १९६८-६९ मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली आणि मग १९७१ ते १९८६ च्या दरम्यान त्यांना पाणी, वीज, गटार असलेल्या पक्क्या जागांमध्ये हलवलं. आज अशी ११० च्या वर सेंटर्स आहेत आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती आपल्या वारशाच्या यादीत घेतली. म्हणजे छप्पर एक असलं तरी प्रत्येक स्टॉल हा वेगळा धंदा आहे, त्याचे पैसे वेगळे, त्याची रांग वेगळी, त्याचा सुट्टीचा वार पण वेगळा. हे डोक्यात बसलं की निम्म्या चुका होतच नाहीत.

जागा आधी, रांग नंतर

ऑफिसच्या भागात, म्हणजे मॅक्सवेल, अमॉय स्ट्रीट वगैरे, दुपारी १२ ते दीडमध्ये ट्रे हातात घेऊन टेबल शोधायला लागलात तर जेवण थंड होणार हे नक्की. इथले लोक आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट, छत्री किंवा ऑफिसचं कार्ड ठेवून जागा धरतात, त्याला 'चोप' करणं म्हणतात. त्यामुळे रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते कोणी विसरलेलं नाहीये, ती जागा गेलेली आहे, पाकीट बाजूला सरकवून बसू नका. माझ्या मावशीने एकदा तसं केलं आणि पाच मिनिटांत चार जण ट्रे घेऊन समोर उभे राहिले, तिला फार ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्यांच्या टेबलावर जागा शिल्लक असेल तर मात्र विचारून खुशाल बसा, अनोळखी लोकांसोबत टेबल शेअर करणं इथे अगदी नॉर्मल आहे. आणि टिश्यू स्वतःचे न्याच, कारण स्टॉलवर बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा भरून न्या, नळाचं पाणी इथे थेट पिता येतं.

सगळ्यात मोठी चूक: 'व्हेज' एवढंच सांगणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण खरा त्रास इथेच होतो आणि तो टाळता येतो.

आपल्याकडे 'व्हेज' म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. इथे बऱ्याच स्टॉलवरच्या अंकल-आंटींच्या दृष्टीने मांसाचे तुकडे काढले की झालं व्हेज. ते फसवत नाहीयेत, त्यांच्या डोक्यात त्या शब्दाचा तेवढाच अर्थ आहे. त्यामुळे 'नो मीट' म्हणून घेतलेल्या नूडल्समध्ये अंडं, फिश केक, ऑयस्टर सॉस यातलं काहीही असू शकतं. 'चार क्वे तियाओ' नावाच्या परतलेल्या नूडल्समध्ये डुकराची चरबी वापरायची जुनी पद्धत आहे. 'हॉकियन मी' नावाच्या नूडल्स कोळंबी आणि डुकराच्या हाडांच्या रश्शात शिजतात. लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट रस्सा-नूडल्स, त्याच्या वाटणात सुकी कोळंबी असते. चिकन राइसच्या स्टॉलवर 'चिकन नको, फक्त भात द्या' असं खूप जण म्हणतात, पण तो भातच चिकनच्या चरबीत आणि पाण्यात शिजवलेला असतो, म्हणून तर तो एवढा चविष्ट लागतो. सांबाल कांगकाँग ही पालेभाजी दिसते, सांबालमध्ये (मिरचीच्या वाटणात) मात्र बेलाचान, म्हणजे कोळंबी आंबवून केलेला गोळा घातलेला असतो. रोजाक नावाचं फळांचं सॅलड आहे त्याच्या काळ्या सॉसमध्येही तेच. आणि 'कॅरट केक' हा केक नाही आणि त्यात गाजरही नाही, तो पांढऱ्या मुळ्याचा आणि तांदळाच्या पिठाचा वाफवलेला वड्यासारखा प्रकार अंड्यात परततात.

मग करायचं काय? पदार्थाचं नाव न घेता एकेक जिन्नस विचारायचा. अंडं आहे का, सुकी कोळंबी आहे का, ऑयस्टर सॉस आहे का, सूप कशाचं आहे. मलय स्टॉलवर थोडे शब्द माहीत असले तर खूप सोपं जातं: तेलुर म्हणजे अंडं, इकान मासा, उदांग कोळंबी, आयाम कोंबडी, कांबिंग मटण, लेंबू म्हणजे गाय, बाबी म्हणजे डुक्कर. नको म्हणायचं असेल तर 'ताक माऊ', म्हणजे 'ताक माऊ तेलुर' म्हणालात की अंडं नको. चिनी स्टॉलवर 'बू याव दान' म्हणजे अंडं नको. तमिळ स्टॉलवर 'मुट्टई वेंडाम' म्हणा, आणि शाकाहारीला तिथे 'सैवम' म्हणतात, हा शब्द त्यांना बरोबर आपल्याच अर्थाने कळतो. ज्यांना बीफ चालत नाही त्यांनी रेंडांग हा मांसाचा मसालेदार प्रकार घेताना कशाचं आहे ते विचारूनच घ्या, बरेचदा ते बीफचं असतं.

त्याहून सोपा रस्ता म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल शोधणं, बऱ्याच मोठ्या सेंटर्समध्ये असा एखादा तरी असतो. तिथे जे चिकन, मटण, मासा दिसतं ते सोयाचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं, आई पहिल्यांदा ते बघून मागेच फिरली होती, तर आधी सांगून ठेवा. यातल्या बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची पण सोय होते, अंडं मात्र तिथेही विचारून घ्या. चिनी महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला खूप बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी या स्टॉलवर मोठी गर्दी असते, लवकर जा. मिडल रोडवरची फॉर्च्यून सेंटर ही इमारत तर शाकाहारी खाण्यासाठीच ओळखली जाते. आणि अगदी घरच्यासारखंच हवं असेल तर लिटल इंडियात सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास हे दक्षिण भारतीय शाकाहारी हॉटेल आहे.

रोटी प्राता (पराठ्यासारखी पोळी) घेताना एक लक्षात ठेवा, सोबत येणारी करी न विचारता माशाची किंवा मटणाची येऊ शकते. 'डाल करी' म्हणून आधीच सांगा, पोळीवर वाटी ओतल्यावर सांगून उपयोग नसतो.

आणि चुकून अंडं किंवा मांस आलंच तर? चिडू नका, ताट न उष्टावता परत न्या, शांतपणे दाखवा. माझ्या अनुभवात दहातले आठ जण नवीन करून देतात. पण तुम्ही सांगायलाच विसरला असाल तर पैसे परत मागणं बरोबर नाही, तीन-चार डॉलरच्या ताटावर त्यांचं पोट असतं. कढई एकच असते हेही धरून चला, ज्यांना ते अजिबात चालत नाही त्यांना फक्त पूर्ण शाकाहारी स्टॉललाच घेऊन जा.

चहा-कॉफी मागताना

पेयांचा स्टॉल वेगळा असतो, जेवणाच्या स्टॉलवर चहा मागू नका. नुसतं 'कोपी' (कॉफी) किंवा 'तेह' (चहा) म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्क घातलेलं, आपल्या जिभेलाही जास्त वाटेल इतकं गोड येतं. बाबांना डायबेटिस आहे म्हणून मला हे सगळं पाठ झालं. 'ओ' म्हणजे बिनदुधाचं पण साखर असलेलं, 'सी' म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्क आणि साखर, 'कोसोंग' म्हणजे साखर शून्य, 'सिउ दाई' म्हणजे गोड कमी, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. तर बिनसाखरेचा दुधाचा चहा हवा असेल तर 'तेह सी कोसोंग'. आल्याच्या चहाला 'तेह हालिया' म्हणतात, तो भारतीय मुस्लिम स्टॉलवर छान मिळतो.

पैशांच्या चुका

बऱ्याच छोट्या स्टॉलवर क्रेडिट कार्ड चालत नाही. इथले लोक क्यूआर कोड स्कॅन करून देतात पण त्याला सहसा इथलं बँक अकाउंट लागतं, पाहुण्यांनी २, ५ आणि १० डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. टिप द्यायची पद्धत नाही. हॉकर स्टॉलच्या बोर्डावर जो भाव तोच द्यायचा. रेस्टॉरंटमध्ये मात्र मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर १०% सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९% जीएसटी लागणार, म्हणजे १०० डॉलरचं बिल ११९.९० होतं. काही चिनी हॉटेलांत टेबलावर आपोआप येणारे शेंगदाणे आणि ओले रुमाल यांचेही पैसे लावतात, नको असतील तर लगेच परत द्या.

भात आणि दोन-तीन भाज्या बोट दाखवून घ्यायचा जो 'इकॉनॉमिक राइस' स्टॉल असतो तिथे प्रत्येक पदार्थाचे पैसे वेगळे लागतात आणि मासा, कोळंबी एकदम भाव वाढवतात, म्हणून घेतानाच विचारा. खेकडा, मासा यांच्यापुढे 'सीझनल प्राइस' लिहिलेलं असेल तर वजन आणि एकूण रक्कम दोन्ही शिजवायच्या आधी बोलून घ्या, भाव बरेचदा १०० ग्रॅमचा सांगतात आणि आपण ऐकतो पूर्ण माशाचा. आमच्या पाहुण्यांना एका ठिकाणी हे फार महागात पडलं होतं, आणि मासा शिजून समोर आल्यावर वाद घालायला काही जागाच उरत नाही.

ट्रे तसाच सोडून उठणं

ही चूक प्लीज करू नका. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये आपला ट्रे, ताटं आणि कचरा रॅकवर नेऊन ठेवणं सक्तीचं आहे, पहिल्यांदा लेखी ताकीद मिळते आणि दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड होऊ शकतो. दंड राहू दे बाजूला, टेबलं पुसणारी माणसं बहुतेक सत्तरीच्या आसपासची आजी-आजोबा असतात, आणि उरलेल्या अन्नावर साळुंक्या-कबुतरं तुटून पडतात. रॅक दोन असतात, हलाल आणि बिगर-हलाल, पाटी वाचून मगच ठेवा. आपल्याकडे उपासाचं भांडं वेगळं ठेवतात ना, तेवढ्याच मनापासून इथले मुस्लिम लोक ते पाळतात. आपलं आपण उचललंत, 'थँक यू आंटी' म्हणालात की त्यांचा चेहरा बघा कसा खुलतो.

बंद दारातून परत येणं

प्रसिद्ध स्टॉल बघायचा म्हणून मुद्दाम लांब जाऊन शटर बघून परत आलेले खूप जण आहेत. सोमवारी बरेच स्टॉल बंद असतात, काही फक्त सकाळचे, काही माल संपला की दुपारी दोनलाच आवरतात. शिवाय दर काही महिन्यांनी पूर्ण सेंटर साफसफाईसाठी बंद ठेवतात, त्या तारखा नॅशनल एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या साइटवर असतात, निघण्याआधी बघून घ्या. चिनी नववर्षाच्या आठवड्यात तर भारतीय आणि मलय स्टॉलच आधार, लिटल इंडियातलं टेक्का सेंटर तेव्हा फार उपयोगी पडतं, भाजी-मासळीचा बाजार पण आहे तिथे.

उरलेलं किंवा घरी न्यायचं असेल तर 'दाबाव' म्हणा, ते बांधून देतात, डब्याचे थोडे सेंट्स जास्त लागतील. आणि कुठे कुए टूटूचा स्टॉल दिसला तर थांबा, तांदळाच्या पिठाची वाफवलेली छोटी फुलासारखी वडी असते, आत नारळ आणि ताडगूळ किंवा मग शेंगदाण्याचं कूट. नारळाचीच मागा. आईने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलं मोदकाचं सारण!", मग तिने अजून सहा बांधून घेतले.