दुर्बिणीला कॅमेरा जोडून चंद्र टिपताय? या चुका टाळा

दुपारी गच्चीवरून दीडशे मीटरवरच्या पाण्याच्या टाकीवर फोकस केला. टाकीच्या शिडीचे गज मोजता येत होते. रात्री तीच जोडणी चंद्राकडे वळवली, तर पडद्यावर नुसता पांढरा गोळा. फोकसर (फोकससाठी आत-बाहेर सरकणारी नळी) आत आत नेला, तो टेकला, तरी गोळा आवळेना. तासभर मी कॅमेऱ्यालाच दोष देत बसलो.

कॅमेरा बिचारा ठीक होता. वस्तू जवळ असली की आरशाने केलेली प्रतिमा जरा बाहेर पडते. माझी दुर्बीण ६ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची; नाभीय अंतर (आरशापासून दूरच्या वस्तूच्या प्रतिमेपर्यंतचं अंतर) १२०० मिमी. तिच्यात त्या टाकीची प्रतिमा चंद्रापेक्षा जवळजवळ १ सेंमी बाहेर येते. म्हणजे रात्री मला तेवढंच आत जायला हवं होतं आणि आत जागाच नव्हती. त्यामुळे दिवसाची चाचणी खुशाल करा (सूर्यापासून लांब!), पण ती जमली म्हणजे चंद्र जमलाच असं धरू नका.

मूळ अडचण अशी की अशा बऱ्याच दुर्बिणी डोळ्याने बघण्यासाठी बनवलेल्या असतात. टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) लावली की सेन्सर रिंगच्या तोंडापासून ५५ मिमी मागे जातो आणि प्रतिमा तिथवर पोचत नाही. ‘मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घे, तो पातळ असतो’ हा सल्ला मलाही मिळाला होता. पण मिररलेसची नेहमीची टी-रिंग मुद्दाम लांब केलेली असते, ५५ मिमी भरावेत म्हणून. फायदा शून्य.

सोपा उपाय बार्लो, म्हणजे कॅमेऱ्याच्या आधी नळीत बसणारं जोडभिंग. बार्लो प्रतिमा बाहेर ढकलते. मात्र चंद्रही मोठा होतो. नाभीय अंतराला ११० ने भागा, साधारण तेवढ्या मिलिमीटरचा चंद्र सेन्सरवर पडतो. माझ्याकडे ११ मिमी, २ पट बार्लो लावली की २२. एपीएस-सी (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो मध्यम आकाराचा) सेन्सरची उंची १५ मिमीच्या आसपास, म्हणजे पूर्ण चंद्र कापला जाणार. अनेक बार्लोंचं भिंग असलेलं टोक फिरवून सुटं होतं. ते थेट अडॅप्टरच्या नळीला लावलं तर वाढ दीडपटीच्या आसपास राहते. अष्टमीचा अर्धा चंद्र मग कॅमेरा फिरवून सेन्सरच्या लांब बाजूत आरामात बसतो. आरसाच नळीत वर सरकवणारेही आहेत, पण पहिल्याच महिन्यात तिकडे जाऊ नका.

भिंगाच्या दुर्बिणीत बहुधा उलटं होतं: डायगोनल (डोळ्याने बघताना लावायचा तिरपा आरसा) काढला की फोकसर पूर्ण बाहेर काढूनही अंतर कमी पडतं. तिथे एक्स्टेंशन ट्यूब लावा.

कॅमेरा ‘ऑटो’वर तर नकोच. काळं आकाश बघून तो चंद्राचा चुना करतो. मॅन्युअल, रॉ, आयएसओ १००. एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) दुर्बिणीवर पौर्णिमेला १/२०० सेकंदापासून सुरुवात करा, अष्टमीला १/२५ च्या आसपास. २ पट बार्लो असेल तर वेळ चौपट. बोटाने बटण दाबू नका. लाइव्ह व्ह्यू आणि २ सेकंदांचा टायमर लावा. गच्चीवर कुणी येरझाऱ्या घालत असेल तर त्यालाही बसवा, स्लॅब हलतो. फोकस दहापट मोठा करून उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांवर जुळवा. विवराच्या कडेची सावली धारदार दिसली की हात काढा. पौर्णिमेला सावल्याच नसतात, म्हणून फोटो सपाट येतो. तरी सगळे तीच रात्र का धरतात कोण जाणे. चैत्रातली अष्टमी बघा: संध्याकाळी चंद्र आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो, हवेचा थर कमी. फक्त तापलेली गच्ची निवेपर्यंत थांबा आणि दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.

राहिलं वजन. डॉब्सोनियनच्या (साध्या फिरत्या लाकडी बैठकीवरच्या न्यूटोनियनच्या) तोंडाशी ६००-७०० ग्रॅम लटकले की नळी खाली झुकते. नळी लोखंडी असेल तर तळाकडे दोन-तीन लोहचुंबक चिकटवा. आणि कॅमेऱ्याचा पट्टा फाइंडरच्या (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या) बुडाला गुंडाळा. फोकसरचा स्क्रू माझ्याकडून एकदा ढिला राहिला होता. कॅमेरा घसरला आणि त्या पट्ट्यावर लोंबकळत राहिला.