आधी मोजा, मग कमी करा, पॅनल शेवटी: सोलापूरच्या घराचा ऊर्जेचा हिशेब

उन्हाळ्याचं बिल हातात पडलं की सोलापुरात घरोघरी सोलर पॅनलचा विषय निघतो. पॅनल जरूर बसवावेत. इथे ऊन भरपूर आहे. पण आधी वापर कमी केला, तर जिथे 3 किलोवॉट लागणार होते तिथे 2 किलोवॉटमध्ये भागतं. म्हणून पॅनल विकणाऱ्याला फोन करण्याआधी पुढची कामं उरकून घ्या.

आपल्या बोर्डापर्यंत वीज कुठून येते, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. फताटेवाडी-आहेरवाडीचा एनटीपीसीचा प्रकल्प 1320 मेगावॉटचा, म्हणजे 660 चे दोन संच, आणि त्याला लागणारा कोळसा रेल्वेने लांबून येतो. उजनीच्या धरणावर 12 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. गाळप हंगामात साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज तयार करतात, पण हंगाम संपला की तीही आटते. शिवाय 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रीड देशाच्या ग्रीडला मिळाली. तेव्हापासून आपण एका अखंड जाळ्यात आहोत. या जाळ्यात रात्रीची बरीचशी वीज आजही कोळशाचीच असते. त्यामुळे रात्री वाचवलेल्या युनिटचं मोल मोठं.

मीटरकडून उत्तर काढा

घरातली सगळी उपकरणं बंद करा, फ्रीज, इन्व्हर्टर आणि वायफायचा राउटरसुद्धा. मेन स्विच मात्र चालू ठेवा. आता मीटरवरचा लाल दिवा पाच मिनिटं बघा. तो लुकलुकत राहिला, तर वीज कुठेतरी मुरते आहे: गीझरच्या कॉइलमधून अर्थिंगला, ओल धरलेल्या भिंतीतल्या वायरीतून, किंवा आपल्या लाइनवर दुसऱ्याचं कनेक्शन आहे. एकेक एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा छोटा स्विच) खाली पाडत गेलात की दोष कोणत्या सर्किटमध्ये आहे ते कळतं. पुढचं काम वायरमनचं. उघड्या वायरीला स्वतः हात लावू नका.

याच दिव्यावरून कोणत्याही उपकरणाचे वॉट मोजता येतात. एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो, बऱ्याच घरगुती मीटरवर 3200. फक्त एक उपकरण चालू ठेवा आणि 10 वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. 3200 च्या मीटरसाठी 11,250 ला त्या सेकंदांनी भागा, आलेला आकडा म्हणजे वॉट. 45 सेकंद लागले तर 250 वॉट. मीटरवर दुसरा आकडा असेल, तर 3 कोटी 60 लाखांना आधी त्या आकड्याने आणि मग सेकंदांनी भागायचं. फ्रीज मोजताना कॉम्प्रेसर चालू असताना मोजा, नाहीतर आकडा फसवा येतो.

बिलावरचे टप्पेही बघा: 0-100, 101-300, 301-500 आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो आणि वर 16 टक्के वीज शुल्क लागतं. वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यातून वजा होतं, त्यामुळे थोडी बचतही बिलात ठळक दिसते.

पंखा, कूलर आणि तापलेला स्लॅब

जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा 28 ते 32. चार पंखे रोज 14 तास फिरत असतील, तर या एका बदलाने महिन्याला सुमारे 75 युनिट वाचतात. बसवताना एक चूक सर्रास होते: बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरमधूनच जोडला जातो. रेग्युलेटरने कापलेला व्होल्टेज आतल्या सर्किटला सोसत नाही, पंखा गुणगुणतो आणि पुढे बंद पडतो. रेग्युलेटर काढून थेट स्विचला जोडायला सांगा, वेग रिमोटने बदलतो. सगळे पंखे एकदम बदलणं जमत नसेल, तर झोपायच्या खोलीपासून सुरुवात करा, कारण तिथे तास सर्वात जास्त.

मार्च ते मे सोलापूरची दुपारची हवा कोरडी असते आणि म्हणून इथे कूलर उत्तम चालतो. 150 ते 250 वॉटचा कूलर जे करतो त्यासाठी दीड टनाचा एसी दीड हजार वॉटपर्यंत ओढतो. पण कूलर खिडकीत, तोंड आत करून बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. दारंखिडक्या लावून घेतल्या की दमट हवा खोलीतच कोंडते, अंग चिकट होतं आणि लोक कूलरला नावं ठेवतात. बोअरच्या पाण्यातले क्षार पॅडवर थर धरतात, हवा अडते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्या. डासांचाही बंदोबस्त होतो. जूनमध्ये हवेत ओल वाढली की पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. एसी असेलच तर 25-26 वर ठेवा आणि जोडीला पंखा लावा; तापमान एक अंश वर नेलं की वापर साधारण 6 टक्के घटतो.

जुन्या माळवदाच्या घरात मातीचा जाड थर ऊन अडवायचा. आजचा 4-5 इंची स्लॅब ते दिवसभर साठवतो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. यावर सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. 10 किलो विरवलेला चुना 18-20 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, कापडातून गाळा आणि त्यात अर्धा किलो फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद मिसळा. गच्ची झाडून, धुऊन, ओली असतानाच संध्याकाळी पहिला हात द्या, दुसऱ्या संध्याकाळी दुसरा. भर उन्हात लावलेला चुना झटकन वाळतो, त्याला धरायला ओल मिळत नाही आणि बोटाला पावडर लागते. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, चुना भाजतो. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, म्हणून दर फेब्रुवारी-मार्चला पुन्हा. वरच्या मजल्यावर दोन-तीन अंशांचा फरक जाणवतो.

फ्रीजचं काम छोटं आहे: भिंतीपासून 15 सेंटिमीटर पुढे ओढा, दारात नोट अडकवून बघा, सहज निसटली तर रबर बदला.

पाणी चढवणं आणि तापवणं

नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून घराघरात जमिनीत हौद आणि गच्चीवर टाकी. 1 एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. पूर्वी अर्ध्या तासात भरणारी टाकी आता पाऊण तास घेत असेल, तर फूटवॉल (सक्शन पाइपाच्या तळाची, पाणी परत खाली उतरू न देणारी झडप) गळतोय किंवा सक्शन पाइपात हवा शिरते आहे. पंप बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. पाणी लगेच न येता पंपात भरून घ्यावं लागलं, तर दोष बहुधा फूटवॉलमध्ये. टाकीला ऑटो-कट (टाकी भरली की पंप बंद करणारा) बसवला की पाणी आणि वीज दोन्ही वाहून जात नाहीत.

अंघोळीच्या पाण्यासाठी पॅनलची वीज वापरण्याआधी उन्हाची उष्णता थेट घ्या. चौघांच्या घराला 100 लिटरचा सोलर हीटर पुरतो. पाणी बोअरचं असेल, तर काचेच्या नळ्यांचा घ्या. तांब्याच्या पातळ नळ्यांत क्षार बसून त्या तुंबतात, काचेची नळी बाहेर काढून साफ करता येते. सोलापुरात या हीटरचा एक खास धोका आहे. पाण्याच्या गॅपमध्ये टाकी रिकामी राहते, कोरड्या नळ्या उन्हात प्रचंड तापतात आणि नळ आल्यावर भर दुपारी गार पाणी आत शिरलं की काच तडकते. टाकी रिकामी झाली की हीटरचा इनलेट वॉल्व्ह बंद करा आणि तो पहाटेच उघडा. गावाला जाताना नळ्यांवर जुनी सोलापुरी चादर टाकून ठेवा.

आता पॅनल

बिलावरून बारा महिन्यांचे युनिट जोडा. इथे 1 किलोवॉट पॅनल वर्षाला साधारण 1400 ते 1500 युनिट देतं. वर्षाचा वापर 3600 वरून 2700 पर्यंत आणला असेल, तर 2 किलोवॉट पुरतात. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 असं अनुदान आहे, कमाल 78,000. त्यासाठी पॅनलमधले वीज तयार करणारे सेलही भारतात बनलेले लागतात. कोटेशनवर ते लिहून घ्या. बिलावरचं नाव जुन्या मालकाचं किंवा वारलेल्या वडिलांचं असेल, तर अर्जाआधी बदलून घ्या, बरेच अर्ज तिथेच अडकतात.

प्रत्येक किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट जागा धरा. तोंड दक्षिणेला, उतार 15 ते 18 अंश. पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली पॅनलच्या दक्षिणेला नको: पॅनल मालिकेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली तरी पूर्ण ओळीची वीज घटते. जागा ठरवण्याआधी डिसेंबरच्या सावलीचा अंदाज घ्या, ती सर्वात लांब असते. पॅनलखाली वारा खेळायला हवा. सेल 65 अंशांवर गेला की उत्पादन 12 ते 16 टक्के कमी होतं. म्हणूनच मे महिन्यात ऊन कडक असूनही वीज अपेक्षेइतकी मिळत नाही. पॅनलचा सांगाडा, सोलर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा) आणि आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजरोधक या तिघांना वेगवेगळं अर्थिंग मागा. मुरमाड, कोरड्या जमिनीत खड्डा नीट भरला नाही तर अर्थिंग नावापुरतंच राहतं.

पॅनल पहाटे धुवा, मऊ वायपरने आणि शक्यतो नळाच्या पाण्याने. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात आणि ते घासून काढताना काचेवर ओरखडे पडतात. यंत्रमागाच्या वस्तीत कापसाची तूस धुळीबरोबर चिकटते, तिथे दर आठवड्याला धुणं लागतं.

शेवटची गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत: नेट मीटरवरचं (जास्तीची वीज ग्रीडला देऊन बिलात वजा करणारं) साधं पॅनल लाइट गेली की दिवसाढवळ्याही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लोडशेडिंगमध्येही वीज हवी असेल, तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर सुरुवातीलाच मागा आणि त्यावर फक्त पंखे, दिवे, राउटर यांचं वेगळं सर्किट काढून घ्या. बीएलडीसी पंखे आधीच बसवले असतील, तर बॅटरीही लहान चालते.