मॉडिफाय केलेल्या मसल कारची किंमत कशी काढायची: बिलांची फाईल आधी बाजूला ठेवा

मॉडिफाय केलेल्या जुन्या मसल कारची (म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या इंजिनच्या अमेरिकन गाडीची) किंमत विचारली की लोक ठरलेले तीन सल्ले देतात. एक, प्राइस गाईडमधला आकडा घ्या आणि त्यात पार्टची बिलं मिळवा. दोन, सगळी बिलं बेरीज करून निम्मी करा. तीन, परवा टीव्हीवरच्या लिलावात अशीच गाडी दोन लाख डॉलरला गेली ना, मग तेवढीच सांगा. तिन्ही बकवास आहेत, आणि हे सल्ले देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात अशी गाडी ना विकलेली असते ना घेतलेली. मी इकडे मिशिगनमध्ये राहतो, इथे ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची जत्रा झाली की पुढचे दोन महिने मंडळातल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की अहो शेजारी त्याची कॅमारो विकतोय, जरा बघता का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

गाडी धुतलेली आहे, लिफ्टवर घेता येते, कागद एका जागी आहेत, भरपूर फोटो काढलेत, हे मी धरून चाललोय.

पायरी १: आकडा कशासाठी हवाय

विकायला, विम्याला की वाटणीला, हे आधी ठरवा. विम्याचा आकडा वरच्या अंगाला धरायचा, विकायचा खालच्या अंगाला, आणि वाटण्या किंवा टॅक्सचं प्रकरण असेल तर हा लेख बंद करा आणि सर्टिफाइड अप्रेझर, म्हणजे किंमत ठरवणारा अधिकृत माणूस, गाठा.

पायरी २: गाडी मुळात कोण आहे

यात आळस करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. १९६९ ची कॅमारो घेऊ, त्या वर्षी शेवरलेनं २,४३,०८५ कॅमारो बनवल्या त्यामुळे मॉडिफाय केलेल्याही भरपूर सापडतात. व्हीआयएन, म्हणजे डॅशवरचा गाडीचा ओळख नंबर, १२४३७९एन ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ इतकाच की गाडी व्ही८ आहे, कूपे आहे, ६९ ची आहे आणि ओहायोतल्या नॉरवुड प्लांटची आहे. एन च्या जागी एल असेल तर कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाईजची. १२३३७ असेल तर ती सहा सिलिंडरची निघालेली गाडी. बास. एसएस होती की झी २८ होती (दोन्ही कॅमारोच्या जास्त ताकदीच्या आवृत्त्या) हे त्या नंबरात कुठेच नाही, आणि म्हणूनच ग्रिलवर एसएसचा बॅज लावून फिरणाऱ्या इतक्या 'एसएस' गाड्या दिसतात. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, कंपनीनं लावलेल्या पत्र्यावर नॉरवुडच्या बऱ्याच गाड्यांना एक्स कोड असतो, एक्स ३३ किंवा एक्स ७७ असेल तर झी २८, पण ते पत्रे नवे बनवूनही विकत मिळतात, तेव्हा फक्त त्यावर विसंबू नका. हीटरच्या डब्यामागे आणि काउलखाली (पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या पट्टीखाली) व्हीआयएनचा काही भाग लपवून ठोकलेला असतो, तो डॅशवरच्या नंबरशी जुळतो का बघा.

दुसऱ्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. शेवरलेच्याच शेव्हेल एसएस ३९६ ला (असे आकडे इंजिनाची क्षमता घन इंचांत सांगतात) १९६६ ते ६८ मध्ये १३८ ने सुरू होणारा वेगळा नंबर होता, ६९ पासून एसएस नुसतं ऑप्शन पॅकेज झालं आणि व्हीआयएन गप्प झाला, तिथे पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यातली जोडणीची यादी, मिळाली तर नशीब. पॉन्टियाक जीटीओ ६४ आणि ६५ मध्ये ले मान्सवरचं पॅकेज होतं, ६६ पासून नंबर २४२ ने सुरू व्हायला लागला, आणि पॉन्टियाकचे जुने कागद पीएचएस नावाच्या संस्थेकडून मागवता येतात. फोर्ड असेल तर सगळ्यात सोपं, १९६७ पासूनच्या गाडीचा मार्टी रिपोर्ट मागवा, गाडी कुठल्या इंजिनानिशी आणि रंगानिशी निघाली ते लिहून येतं. १९७० च्या डॉज-प्लिमथवर व्हीआयएनचं पाचवं अक्षर आर असेल तर ती ४२६ हेमी या दुर्मिळ इंजिनानिशी निघालेली गाडी आहे, मग एक शब्द न बोलता पुढचं वाचा.

हे सगळं कशाला, तर नियम असा आहे की मूळ गाडी जितकी साधी तितकं मॉडिफिकेशन किंमत वाढवतं, आणि मूळ गाडी जितकी दुर्मिळ तितकं तेच मॉडिफिकेशन किंमत खातं. ३०७ इंजिन आणि दोन गिअरच्या ऑटोमॅटिकनिशी निघालेल्या कॅमारोत कुणी एलएस३, म्हणजे जीएमचं नव्या जमान्यातलं व्ही८ इंजिन, टाकलं तर कुणी रडत नाही. खऱ्या झी २८ मध्ये तेच टाकलं तर गाडीनं पैसे गमावले. फक्त मूळ ३०२ इंजिन, त्यावर ठोकलेल्या नंबरांसकट, गॅरेजमध्ये स्टँडवर ठेवलेलं असेल आणि गाडीबरोबर येत असेल तर बरंचसं नुकसान भरून येतं. ते इंजिन 'भावाकडे आहे, नंतर देतो' असं विकणारा म्हणाला तर ते इंजिन नाही असं धरा.

पायरी ३: पत्रा

मागच्या काचेखालचा चॅनेल, डिकीचं फ्लोअर, क्वार्टर पॅनेलची (मागच्या चाकावरच्या पत्र्याची) खालची कड आणि काउल, गंज इथे शोधा. पेंटची जाडी मोजायचं मीटर सगळीकडे लावा, १० मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास असेल तर नीट केलेला रिपेंट, एका जागी एकदम ४० च्या वर गेलं की खाली पुट्टी आहे. आमच्या मिशिगनात रस्त्यावरचं मीठ खाल्लेल्या गाड्या ॲरिझोनाच्या म्हणून विकल्या जातात, तेवढं लक्षात ठेवा.

पायरी ४: तुलनेच्या गाड्या शोधणं आणि फरक जुळवणं

खरं काम इथे आहे आणि लोक इथेच झोपतात. मलाही सगळ्यात जड गेलेली पायरी हीच, कारण स्टॉक गाडीची तुलना सोपी असते, हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीच्या प्राइस गाईडमध्ये एक ते चार अशा चार कंडिशन दिलेल्या असतात, आपली गाडी कुठल्या खणात बसते ते बघायचं आणि झालं. पण ते आकडे कंपनीतून निघाली तशा गाडीचे आहेत. दोन मॉडिफाय केलेल्या गाड्या कधीच सारख्या नसतात, त्यामुळे खणच नाहीत, खण तुम्हाला बनवावे लागतात.

सुरुवात अशी करा. गेल्या वर्षभरात खरोखर विकल्या गेलेल्या, त्याच मॉडेलच्या, त्याच जातीचं मॉडिफिकेशन असलेल्या चार ते सहा गाड्या शोधा. जात महत्त्वाची. एलएस इंजिन, कॉइलओव्हर सस्पेन्शन आणि मोठे ब्रेक टाकलेली प्रो टूरिंग गाडी ही एक जात, १९७० मध्ये पोरांनी टाकले असते तसे हेडर (मोकळे एक्झॉस्ट पाइप) आणि क्रेगर कंपनीची चाकं लावलेली 'डे टू' गाडी ही दुसरी, मागची चाकं आत घेऊन रोल केज लावलेली ड्रॅग गाडी ही तिसरी. तीन वेगळी गिऱ्हाइकं आहेत आणि ती एकमेकांच्या गाड्या घेत नाहीत. प्रो टूरिंगची किंमत ठरवायला ड्रॅग गाडीचा आकडा वापरला की पुढचं सगळं वाया.

विकायला लावलेल्या गाड्यांच्या किमती बघू नका. अजिबात नाही. जाहिरातीतला आकडा हा विकणाऱ्याचा नवस असतो, गाडी त्या आकड्याला आठ महिने उभी आहे हेच त्या आकड्याबद्दल सांगतं. झालेल्या विक्रीचे आकडे ब्रिंग अ ट्रेलर या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर कुणालाही उघडून बघता येतात, मेकम आणि बॅरेट जॅक्सन या लिलाव कंपन्यांचेही निकाल मिळतात, पण घेणाऱ्याची फी धरलीय की नाही ते प्रत्येक ठिकाणी तपासा. ब्रिंग अ ट्रेलरवर दिसतो तो बोलीचा आकडा, घेणारा त्यावर वेगळी फी भरतो. बॅरेट जॅक्सनच्या छापील निकालात फी आधीच मिळवलेली असते. सगळे आकडे एकाच पद्धतीत आणा, नाहीतर तुम्ही हजारो डॉलरच्या चुकीवर सुरुवात करताय. आणि टीव्हीवरचे ते दोन लाख? ती गाडी बहुतेक रिंगब्रदर्ससारख्या नावाजलेल्या शॉपनं बांधलेली असते, हॉल भरलेला असतो, दोन पैसेवाली माणसं एकमेकांकडे बघून बोली लावत असतात. तुमची गाडी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं बांधलीय, काम कितीही चांगलं असो, ती त्या टेबलावर बसत नाही.

रिझर्व्ह, म्हणजे मालकानं ठरवलेली किमान किंमत, न गाठल्यामुळे न विकलेल्या गाड्याही टिपून ठेवा. त्या दिवशी त्या गाडीला कुणी तरी खरोखर इतके द्यायला तयार होतं, हे त्यातून कळतं, आणि मालकाला ते कमी वाटले एवढंच. मी तो आकडा विक्रीच्या आकड्याइतका मानत नाही पण फेकूनही देत नाही.

आता फरक जुळवायचे, आणि इथे माझं ठाम मत ऐका: पार्टच्या बिलाकडे बघून फरक जुळवायचा नाही. समजा तुलनेच्या गाडीत साधे ड्रम ब्रेक आहेत आणि तुमच्या गाडीत चारही चाकांना विल्वुड कंपनीचे डिस्क, ज्याचे मजुरीसकट तुम्ही सहा हजार दिले. म्हणून तुमची गाडी सहा हजारांनी महाग होत नाही. विचारायचा प्रश्न असा की फक्त ब्रेक वेगळे असलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर घेणारा या गाडीला किती जास्त देईल? दोन हजार? मग दोन हजारच. लग्नाच्या खर्चासारखं आहे हे, खर्च खरा असतो, आनंदही खरा असतो, पण हॉलवाला पैसे परत देत नाही.

बाजार कशाचे पैसे परत देतो आणि कशाचे नाही याचा एक अंदाज येत जातो. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर) असलेला गिअरबॉक्स, चालणारा एसी, पॉवर स्टिअरिंग, पुढचे डिस्क ब्रेक, याचे पैसे बऱ्यापैकी मिळतात कारण यामुळे गाडी रविवारी बायकोला घेऊन दोनशे मैल चालवता येते. फ्युएल इंजेक्शनचे मिळतात, नीट बसवलं आणि थंडीत एका झटक्यात सुरू होत असेल तर. ऑडिओ सिस्टिमचे शून्य. शिवलेल्या सीटचे फक्त रंग शांत असेल तर. बॉनेटमधून बाहेर आलेला ब्लोअर (इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर), गाडी उभी असताना इंजिन नीट चालू न देणारा रेसचा कॅम, केज, यानं गिऱ्हाइकं कमी होतात, म्हणजे किंमत उणे.

आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं म्हणजे कापाकापी. बोल्टवर बसवलेलं काढता येतं, कापलेलं परत येत नाही. पहिल्या पिढीच्या कॅमारोत ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स पाच गिअरचा बॉक्स फ्लोअर जवळजवळ न कापता बसतो, टी५६ मॅग्नम सहा गिअरचा बसवायला मधला टनेल (फ्लोअरचा मधला उंचवटा) कापून उंच करावा लागतो. कागदावर सहा गिअर भारी, पण साध्या गाडीत ते चालतं आणि खऱ्या एसएसमध्ये टनेल कापलेला दिसला की जाणकार घेणारा चहाही न पिता निघतो. म्हणून गाडीखाली झोपा आणि वेल्ड बघा. कार्पेटवरून काही कळत नाही.

एक उदाहरण करून दाखवतो, आकडे समजायला घेतलेत, बाजारभाव म्हणून वापरू नका. साधी व्ही८ म्हणून निघालेली ६९ कॅमारो, एलएस३, टीकेएक्स, एसी, चारही डिस्क, पेंट चांगला पण सहा वर्षांचा. बिलं १ लाख १५ हजार डॉलरची. तुलनेला पहिली गाडी, तेच इंजिन, नावाजलेल्या शॉपचं काम, नवा पेंट, फी धरून ९२ हजार. दुसरी, ट्रकमधून काढलेलं ५.३ इंजिन, ऑटोमॅटिक, एसी नाही, ६८ हजार. तिसरी आपल्यासारखीच, ७५ ला बोली थांबली, विकली नाही. पहिलीतून शॉपचं नाव आणि नवा पेंट वजा केला की ती ८० च्या आसपास उतरते, दुसरीत इंजिन, गिअरबॉक्स आणि एसीचा घेणारा देईल तेवढा फरक मिळवला की ती ७८ च्या आसपास चढते, तिसरी सांगते की ७५ खरोखर कुणी तरी देत होतं. तिन्ही एका जागी यायला लागल्या की तुम्ही बरोबर चाललाय. एक गाडी ९५ म्हणत असेल आणि दुसरी ६०, तर जुळवणीत घोळ नाहीये, जात चुकलीय, परत शोधायला जा. इथे उत्तर ७५ ते ८० हजार. १ लाख १५ हजारांचं काय झालं, तर ते गेले.

मालकाला हे सांगताना त्याच्या तोंडाकडे बघू नका.

पायरी ५: आकडा लिहून ठेवणं आणि विमा

एक आकडा सांगू नका, रेंज सांगा, खाली तुलनेच्या गाड्या आणि तारखा लिहा.

विम्याला मात्र एक शब्द पक्का तपासा. 'ॲग्रीड व्हॅल्यू' असेल तर गाडी पूर्ण गेल्यावर ठरलेला आकडा मिळतो. 'स्टेटेड व्हॅल्यू' असेल तर बहुतेक पॉलिसींत तुम्ही सांगितलेला आकडा आणि त्या दिवशीची बाजारातली किंमत यातलं जे कमी असेल ते देण्याची मुभा कंपनीला असते, आणि एजंट फोनवर दोन्हींना एकच म्हणून जातो. रोजच्या गाडीच्या पॉलिसीत ही गाडी टाकून ठेवली असेल तर तिथे वयाची घट धरून आकडा काढतात, त्यात तुमच्या एलएस३ ला कुणी विचारत नाही. फाईलमधली ती बिलं इथे मात्र काढा, कंपनीला कुठला पार्ट कधी आणि कुणी बसवला याचा पुरावा लागतो. गाडीखालचे फोटो, इंजिनच्या पॅडवरचा नंबर आणि लपवलेल्या व्हीआयएनचे फोटो त्याच फाईलमध्ये ठेवा, आणि बाजार हलतो म्हणून दर दोन वर्षांनी तुलनेच्या गाड्या नव्याने शोधून पॉलिसीतला आकडा बदलून घ्या.