‘इंग्रजांनी भलं केलं की वाटोळं?’ हा वाद गावात कसा घालावा

आमच्या गावच्या वाचनालयात मी पोरांना हा वाद घालायला लावतो. आधी ‘रेल्वे दिली’ आणि ‘लुटून नेलं’ ही दोन्ही तयार वाक्यं बंद करा. एकच वस्तू धरा. आम्ही जलंब-खामगाव रेल्वेफाटा धरतो. १८७० साली सुरू झाला, जेमतेम तेरा किलोमीटर.

विचारा, एवढ्याशा फाट्यावर पैसा का घातला? खामगावच्या कापूस बाजारासाठी. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे नजर वळली. रुईच्या गाठी मुंबईला, तिथून बोटीनं पुढे. उलट दिशेनं गिरणीचं कापड आलं, कोष्ट्यांचे माग थंडावले. फाट्याच्या आधी, लढाईच्या काळात शेतकऱ्याला चार वर्षं भाव मिळाला होता. लढाई संपली तसा भाव कोसळला, अन् सावकाराचं देणं मात्र तसंच उभं. इथं पोरांना भरपूर वेळ द्या.

कुणी म्हणेलच, ‘इंग्रज नसते तर रेल्वे आली नसती.’ जपान सांगा: कुणाची वसाहत नव्हता, तरी १८७२ ला तिथं रेल्वे धावली. इंजिनं, जाणकार बाहेरून आणले. मार्ग त्यांच्या सरकारनं ठरवला.

एखादं पोर म्हणालं, ‘आमचा पणजोबा गावकीच्या वेठीतून सुटून नागपूरच्या गिरणीत लागला,’ तर मधे तोंड घालू नका. आधीचं गाव सगळ्यांना सारखं सुखाचं नव्हतंच.

हात वर करून निकाल घेऊ नका. पुढच्या रविवारी बाजू बदलून बोलायला लावा.